धोबी तलावचे गोवेकर



गोव्यात दरवर्षी १७ एप्रिलला तियात्र दिन साजरा होतो. ज्या प्रयोगाच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात, तो प्रयोग मात्र गोव्यात झाला नव्हता. १८९२ साली, ईस्टरच्या रविवारी, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकासिन्यो रिबेरो यांनी ‘इटालियन भुरगो’ हे कोंकणी नाटक रंगभूमीवर आणले. गोव्याची सर्वांत लोकप्रिय नाट्यकला म्हणून आज जिचा मान आहे, तिची सुरुवात त्या रात्री परमुलखात झाली. तियात्रावर लिहिणारा प्रत्येक जण ही नोंद पहिल्याच पानावर करतो. दुसऱ्या पानापासून मात्र सारा इतिहास गोव्याचा होऊन जातो आणि मुंबई एखाद्या धर्मशाळेसारखी मागे राहते. मला आज या दुसऱ्या पानाशी भांडायचे आहे. स्थलांतरित माणूस गावाकडची कला गाठोड्यात बांधून आणतो आणि परक्या शहरात ती जिवापाड जपतो, अशी आपली समजूत असते. धोबी तलावच्या गोवेकरांचे संगीत, चित्रपट आणि साहित्य बारकाईने पाहिले की ही समजूत टिकत नाही. त्यातले बरेचसे गावात नव्हतेच. ते या वस्तीत, या वस्तीच्या गरजेतून आणि या वस्तीच्या पैशावर तयार झाले आणि मग गावी गेले.

आधी वस्ती नीट पाहू. ज्या तळ्यावरून नाव पडले ते केव्हाच बुजले. आज धोबी तलाव म्हणजे मेट्रो सिनेमाचा चौक. एका अंगाला सेंट झेवियर्स कॉलेज, दुसरीकडे काळबादेवीची आणि प्रिन्सेस स्ट्रीटची वाट, आत कावेल, पलीकडे सोनापूर, आणि पावलांवर गिरगाव. चौकातच जेर महाल ही जुनी इमारत. या आणि आसपासच्या इमारतींत गोवेकरांच्या ‘कुडी’ होत्या. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत चालवलेला निवासी क्लब. दारावर गावाचे नाव. आत एक लांब दालन, भिंतीच्या कडेने ओळीने लावलेल्या ट्रंका, रात्री त्याच जमिनीवर पसरायच्या चटया, आणि एका टोकाला वेदी, तिच्यावर गावच्या पातरोन संताची मूर्ती. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे रोझरी, म्हणायचा, ठरल्या वेळी दार बंद व्हायचे, महिन्याची किरकोळ वर्गणी भरायची, आणि गावच्या फेस्ताला, म्हणजे संताच्या सणाला, इथेही फेस्त करायचे. बायकांना इथे राहता येत नसे. गावातून पहिल्यांदा बोटीने किंवा गाडीने येणाऱ्या पोराला मुंबईत कुणाचाही पत्ता ठाऊक नसला तरी चाले. गावाच्या कुडीचे नाव पुरेसे होते.

या कुडीत राहणारे लोक म्हणजे बोटींवरचे खलाशी, कारभारी आणि आचारी, साहेबांच्या घरचे आणि हॉटेलांतले बटलर, शिंपी, पाववाले आणि वादक. त्यांतला खलाशी आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. एक बोट सोडली की दुसरीवर नेमणूक होईपर्यंत आठवडे, कधी महिने तो मुंबईत अडकून पडे. गावी गेला तर नंबर जाईल, म्हणून जाता येत नसे. हातात परतीचा पगार, समोर रिकामी संध्याकाळ, आणि भोवती आपल्याच बोलीतली शेकडो माणसे. गोव्यातल्या कुठल्याही खेड्यात या तीन गोष्टी एकत्र मिळणे शक्य नव्हते. तिथे शेतावरून परतलेल्या माणसाकडे रोकड नव्हती, आणि बारदेशचा माणूस साष्टीच्या माणसाला फेस्ताच्या निमित्तानेही क्वचितच भेटे. धोबी तलावला दोघांच्या कुडी एकाच जिन्यावर होत्या. एका गावाचा न राहिलेला, साऱ्या गोव्याचा असा प्रेक्षक इथे पहिल्यांदा तयार झाला. तियात्राला, छापील गोष्टीला आणि पुढे चित्रपटाला लागतो तो हाच प्रेक्षक: तिकीट काढणारा, अनोळखी, पण भाषेने आपला. माझ्या म्हणण्याचा पाया इथे आहे. बोटीची वाट पाहण्यात गेलेला वेळ ही या वस्तीची खरी सांस्कृतिक पुंजी होती.

आता तियात्र. रिबेरो आसगावचे. मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेराशी त्यांचा जवळून संबंध आला होता, आणि पहिल्या प्रयोगाच्या नावातही तो दिसतो. त्यांच्याबरोबर उभे राहिलेले मडगावच्या बोर्ड्याचे जुआंव आगोस्तिन्यो फेर्नांदिश पुढे ‘पाय तियात्रिस्त’, म्हणजे तियात्राचे बाप, म्हणून ओळखले गेले. त्यांनी १८९५ साली केलेल्या एका नाटकाची नायिका आहे कावेलची सुंदरी. तीनच वर्षांत ही कला स्वतःच्या गल्लीवर नाटक करू लागली होती. गावच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या माणसांनी वाड्या-माडांवर नाटके लिहिली असती तर कुणाला नवल वाटले नसते. यांनी कावेलवर लिहिले. मग १९०४ मध्ये आला ‘भाटकार’. भाटकार म्हणजे गोव्यातला जमीनमालक, ज्याच्या भाटात मुंडकाराचे घर आणि ज्याच्या मर्जीवर मुंडकाराचे पोट. त्याच्यावर नाटक करायला, आणि ते मुंडकारांच्या मुलांसमोर करायला, त्याच्या भाटापासून दूर असावे लागते. त्याच नाटकात जुआंव आगोस्तिन्यो यांची पत्नी रेजिना हिने भूमिका केली. तियात्राच्या रंगमंचावर आलेली ती पहिली स्त्री. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत बालगंधर्व दाखल झाले, म्हणजे आपल्या संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषाने करण्याचे वैभव अजून पुढे होते. शेजारच्या गल्लीत मात्र, स्वयंपाकी आणि खलाशांच्या रंगभूमीवर, एक बाई स्वतःच्या नावाने उभी राहिली होती. मराठी नाट्येतिहासाने या गोष्टीची नीट दखल घ्यायला हवी होती.

तियात्राची बांधणीही तपासण्यासारखी आहे. नाटकाचे सहा-सात ‘पोरदे’, म्हणजे अंक, आणि दोन पोरद्यांच्या मध्ये ‘कांतारां’. या गाण्यांचा कथेशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. पडद्यामागे नेपथ्य बदलत असताना गायक पडद्यापुढे येतो, खाली बसलेला बँड सुरुवात करतो, आणि गाणे त्या आठवड्याच्या घडामोडीवर असते: महागाई, पुढारी, पाद्री, परदेशी गेलेला नवरा, सासू-सून. आठवडाभर पेपर न वाचलेल्या माणसाला इथे बातमी आणि तिच्यावरचे मत दोन्ही मिळत. नाट्यशास्त्राच्या कसोट्या लावून ‘कथेत रसभंग होतो’ असे म्हणणाऱ्यांनी हा प्रेक्षक पाहिलेला नाही. सहा महिने समुद्रावर काढून आलेल्या माणसाला कथेइतकीच या बातमीची भूक होती. म्हणून तियात्र एकाच वेळी नाटक, मैफल आणि वर्तमानपत्र झाला.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. तियात्राच्या आधी गोव्यात खेळ आणि जागर ही लोकनाट्ये होती. मांडो आणि दुलपोद ही गाणी होती. आणि मुख्य म्हणजे चर्चच्या शाळा होत्या, जिथे ‘मेस्त’ गावच्या पोरांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवी. मग ही सारी सामग्री गोव्याचीच नव्हे का? आहे, आणि मेस्ताचे ऋण मोठे आहे. ते मी पुढे अधिक जोराने मांडणार आहे. पण सामग्री आणि कलाप्रकार यांत अंतर असते. खेळ गावातल्या अंगणात होई, गावातली माणसे तो गावच्या माणसांसाठी करीत, आणि त्याची वेळ धार्मिक पंचांगाला बांधलेली असे. तियात्र भाड्याच्या थिएटरात, तिकिटावर, छापील जाहिरातीने आणि लेखकाच्या नावावर होऊ लागला. पारशी नाटक कंपन्या, इटालियन ऑपेरा आणि मराठी संगीत नाटक हे सारे एका मैलाच्या आत चालू असल्याशिवाय त्याला हा आकार आला नसता. गोव्यात राहिलेल्या गोवेकरांनी त्याच वर्षांत तियात्र का निर्माण केला नाही, या प्रश्नाला ‘सामग्री गोव्याची’ हे उत्तर पुरत नाही.

छापील साहित्याकडे वळलो की हे अधिक स्पष्ट होते. पहिले कोंकणी नियतकालिक ‘उदेंतेचें साळक’ निघाले १८८९ मध्ये, पुण्यात. ‘दोर म्हयन्याची रोटी’ १९१५ साली कराचीत. कोंकणी छपाईच्या नकाशावर सुरुवातीची ठळक ठिकाणे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या नोकरीच्या शहरांची आहेत, आणि त्यांत मुंबई सर्वांत मोठी. गोव्यात कारभाराची आणि शिक्षणाची भाषा पोर्तुगीज. सालाझारच्या राजवटीत त्यावर सेन्सॉरची कात्री. ब्रिटिशांची मुंबई काही स्वातंत्र्याचे माहेर नव्हती, पण पोर्तुगालवर टीका करणाऱ्याला तिथे निदान छापखाना मिळे. तुरुंगवास भोगून हद्दपारीतून निसटून आलेले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी ‘फ्री गोवा’ मुंबईतून चालवले आणि १९५८ मध्ये मुंबईतच देह ठेवला. लँबर्ट मास्कारेन्यस यांची इंग्रजी कादंबरी ‘सॉरोइंग लाइज माय लँड’ १९५५ साली मुंबईतच प्रसिद्ध झाली. गोवा काय आहे हे मोकळेपणाने सांगायला त्या काळी गोव्याबाहेर यावे लागे.

पण मला अधिक आस्था आहे ती रोमांशींची. रोमी लिपीतल्या या कोंकणी कादंबऱ्या स्वस्त कागदावर, पुष्कळदा भागाभागांनी निघत. चोर-सरदार, हरवलेले वारस, युरोपातले किल्ले, खून, सूड आणि शेवटी लग्न. रेजिनाल्ड फेर्नांदिश या शिवोलीच्या लेखकाने अशा शंभराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या आणि ‘रोमांशींचा राजा’ ही पदवी वाचकांकडून मिळवली. ट्रंकेतल्या कपड्यांखाली जाईल, बोटीच्या बंकवर दिव्याखाली वाचता येईल, अशा बेताचे हे पुस्तक. आक्षेप ठरलेला आहे: हे साहित्यच नव्हे, करमणूक आहे; यात गोव्याचे जीवन कुठे आहे? बाबूराव अर्नाळकरांवर एक पिढी पोसलेल्या मराठी समाजाने तरी हा प्रश्न जपून विचारावा. शाळेत ज्याची मातृभाषा कुणी शिकवली नाही, ज्याला फक्त प्रार्थनापुस्तकापुरती अक्षरे येत होती, अशा आचाऱ्याला आणि खलाशाला या लेखकांनी तीनशे पानी गोष्ट वाचायची सवय लावली. स्वतःच्या भाषेत स्वतःच्या आनंदासाठी वाचणारा वर्ग सरकार, चर्च आणि विद्वान या तिघांपैकी कुणीही निर्माण केला नव्हता. शिवाय बोटीवरच्या वाचकाला गोव्याचे वास्तव पुस्तकात कशाला हवे होते? ते त्याच्या पाठीशी होते. त्याला दूरचा प्रदेश हवा होता, आणि तो बऱ्याच बंदरांतून हिंडलेला असल्यामुळे त्याला तो खोटाही वाटत नसे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला मान्यता दिली तेव्हा रोमी लिपीत लिहिणारे बाहेर राहिल्याची भावना त्यांच्यात आली, आणि ती आजही शमलेली नाही. देवनागरीचा आग्रह धरणारे शेणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, हेही मुंबईत राहून लिहीत होते आणि १९४६ साली मुंबईतच गेले. लिपीच्या वादातले दोन्ही पक्ष या शहरातच वाढले आहेत.

संगीताचा भाग सर्वांत समृद्ध आहे, आणि आपल्या सर्वांच्या कानात आहे. गोव्यातल्या मेस्ताने शिकवलेल्या पोराला एक कौशल्य येत होते जे त्या काळच्या मुंबईत फार थोड्यांना येई: समोरचा स्वरलेखनाचा कागद पाहून पहिल्याच फटक्यात वाजवणे. मूकपटांच्या थिएटरातले वाद्यवृंद, साहेबी क्लब, ताजमहाल हॉटेलचा बॉलरूम, लग्नांचे बँड यांत त्याला काम मिळे. जेर महालातच फुर्तादोंचे वाद्यांचे दुकान होते, १८६५ पासून चालत आलेल्या पेढीचे. तार तुटली, रीड फाटला, कोरा रेघी कागद हवा असला तर कुडीतून जिना उतरायचा एवढेच. आसपासची इराण्यांची हॉटेले हा वादकांचा नाका होता. कुणाला कुठल्या रेकॉर्डिंगला किती व्हायोलिने हवीत हे चहाच्या कपावर ठरे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतली रात्र मंदावली, आणि त्याच सुमारास हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद फुगत चालला होता. पगारी स्टुडिओ मोडले, प्रत्येक गाण्यासाठी वादक गोळा करायची पद्धत आली. गोवेकर वादकांचा लोंढा ताडदेव, दादर, अंधेरीच्या स्टुडिओंकडे वळला तो या कारणांनी.

तिथे नेमके काय घडत होते ते जवळून पाहायला हवे, कारण सगळा वाद तिथेच आहे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल सांगतो. ती त्याच्या डोक्यात आहे, फार तर सरगममध्ये लिहिलेली. समोर चाळीस वादक बसायचे आहेत. त्या चाळिसांनी नेमके काय वाजवायचे हे अरेंजर ठरवतो. तो चाल स्वरलेखनात उतरवून घेतो. मग गायिका श्वास घेते त्या जागी व्हायोलिनांनी काय भरायचे, अंतऱ्याआधीच्या तुकड्यात ट्रम्पेट येईल की अॅकॉर्डियन, गाण्याखालून चेलोची दुसरी, स्वतंत्र ओळ कशी जाईल, हे सारे रचतो, प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद लिहितो, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी हात वर करतो. लाहोरच्या हॉटेलातला बँड फाळणीने मोडल्यावर मुंबईत आलेले सेबॅस्टियन डिसूझा हे शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षे हेच करीत होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यातली जी व्हायोलिनांची लाट आपण डोळे मिटून ओळखतो, तिचे लेखन त्यांच्या हातचे आहे. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियेर वाझ सी. रामचंद्र यांच्याबरोबर होते. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, मराठी नट-दिग्दर्शक भगवान, आणि गोव्याचा हा जाझ वादक, यांनी मिळून १९५१ चा ‘अलबेला’ घडवला, आणि त्या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. मराठी माणूस ‘अलबेला’ला आपला म्हणतो ते योग्यच आहे; तो धोबी तलावचाही आहे.

आता दुसरा आक्षेप. हे वादक भाडोत्री होते. सांगितले ते वाजवले, पैसे घेतले, गाडी पकडली. हिंदी गाणे कोंकणी नाही, मग ते या वस्तीची कला कसे? मी हा आक्षेप नाकारत नाही, उलटा धरतो. वस्तीची कला म्हणजे वस्तीच्या भाषेतली, वस्तीच्या फेस्ताला होणारी कला, अशी व्याख्या केली तर स्थलांतरिताने शहराला काय दिले हा प्रश्नच मिटतो. तो शहरात राहतो पण शहर घडवत नाही असे होते. दुसरीकडे, मजुरी घेतली म्हणून निर्मिती नाही असे म्हणायचे तर चित्रपटातला प्रत्येक जणच मजुरी घेत होता, गीतकार आणि संगीत दिग्दर्शकसुद्धा. फरक फक्त नामावलीत होता. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये आणि ग्रेगरी बूथ यांनी स्टुडिओ वादकांवरच्या २००८ च्या पुस्तकात वादकांच्याच तोंडून हे काम उलगडले आहे; ते वाचल्यावर अरेंजरला हरकाम्या म्हणण्याची सोय राहत नाही. दोन सुरांचा मेळ आणि उलट चालणारी दुसरी धून या आपल्या संगीतात नसलेल्या गोष्टी रागाच्या अंगाला न दुखावता कशा बसवायच्या, हा अवघड प्रश्न होता, आणि तो कुठल्याही विद्यापीठात नव्हे, तर तासावर पैसे मिळणाऱ्या या कामात सोडवला गेला.

याचा सर्वांत चांगला पुरावा अँथनी गोन्साल्विस. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक १९४३ मध्ये मुंबईला आले, नौशाद यांच्या वाद्यवृंदात लागले, अरेंजर झाले, आणि त्यांच्या हाताखाली व्हायोलिन शिकलेल्यांत प्यारेलाल होते. भाडोत्री माणसाला स्वतःचे काही म्हणायचे नसते असे समजणाऱ्यांनी १९५८ साल आठवावे. त्या वर्षी त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात स्वतःच्या रचना सादर केल्या. त्यांत सारंग रागावर बेतलेली कन्चेर्तो होती, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. स्टुडिओत तीन मिनिटांच्या तुकड्यात जे सुचत होते ते मोठ्या पटावर मांडायची ही धडपड होती. तिला आश्रय मिळाला नाही, आणि १९६५ मध्ये ते अमेरिकेला निघून गेले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या एका गाण्यात त्यांचे पूर्ण नाव आले, शिष्याने गुरूला दिलेली ती मानवंदना. देशाने ते नाव डोक्यावर घेतले, पण ते नाव खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. मला याची खंत वाटते. हिंदी चित्रपटाने पडद्यावर गोवेकराला दारुडा, बँडवाला किंवा खाजगी सेक्रेटरी करून ठेवले, आणि पडद्यामागे त्याच गोवेकराच्या कानाने तो चित्रपट ऐकू येत होता.

कोंकणी चित्रपट याच कामातून उगवला. जेरी ब्रागांझ यांचा ‘मोगाचो आंवडो’ २४ एप्रिल १९५० ला म्हापशात लागला, पण कोंकणी चित्रपटाला खरा जोम आला तो फ्रँक फर्नांड यांच्यामुळे. कुडचड्याचे हे ट्रम्पेटवादक आधी हॉटेलांत, मग हिंदी स्टुडिओत सहायक आणि अरेंजर. त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) काढले. नायक तियात्रातले सी. आल्वारिस, दिग्दर्शक ए. सलाम, तंत्र हिंदी स्टुडिओतले. ‘निर्मोण’ची मूळ कल्पना टेनिसनच्या ‘ईनॉक आर्डन’ या काव्यावरून घेतली आहे: समुद्रावर गेलेला नवरा मेला असे समजून बायको दुसरे लग्न करते, आणि तो परत येतो. इंग्रजी कवितेतला हा दर्यावर्दी कुडीतल्या प्रत्येक ट्रंकेचा मालक असू शकत होता. म्हणून ते उसने कथानक उसने वाटले नाही. याच दिग्दर्शकाने १९६७ मध्ये ‘निर्मोण’वरून हिंदी ‘तक़दीर’ केला, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. हिंदी स्टुडिओत मिळवलेले कसब कोंकणी चित्रपटात गेले आणि तिथली कथा हिंदीत परतली. यातले कोणते मूळ आणि कोणती नक्कल हे ठरवायला गावाचा नकाशा उपयोगी पडत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या स्वतःच्या मांडणीला सर्वांत जड जातो. मी ‘गोवेकर’ म्हणतो आहे, पण कुडी ख्रिस्ती पुरुषांच्या होत्या. हिंदू गोवेकर पावलांवरच्या गिरगावात राहिले, १९१९ मध्ये त्यांनी गोवा हिंदू असोसिएशन काढले आणि ते मराठीत नाटक करू लागले; १९६४ चे ‘मत्स्यगंधा’, ज्याला जितेंद्र अभिषेकींचे संगीत होते, ते याच संस्थेचे. मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर यांचे गाणे त्याच शहरात बहरले. एका मैलाच्या अंतरावर दोन गोवे होते आणि एकमेकांच्या नाटकांना सहसा जात नव्हते. म्हणजे वस्ती माणसे जोडते हे माझे म्हणणे इथे अपुरे पडते, आणि ते मी मान्य करतो. बायकांचेही तसेच, रेजिना रंगमंचावर आली, पण कुडीत तिला जागा नव्हती, आणि घरकामाला आलेल्या गोवेकर स्त्रिया मालकांच्या घरांतून विखुरलेल्या राहिल्यामुळे त्यांची अशी एकत्र कला आपल्याला जवळजवळ दिसत नाही. पण हे दोन गोवे कुठे भेटले ते पाहा. १९५८ च्या त्या चौकात माजोर्ड्याच्या अँथनींच्या वाद्यवृंदापुढे गायला मंगेशीच्या दीनानाथांची मुलगी उभी होती. तिथवर त्यांना गावाने किंवा धर्माने आणले नव्हते; स्टुडिओतल्या रोजच्या कामाने आणले होते. एकत्र राहिल्याने जे झाले नाही ते एकत्र काम केल्याने झाले.

शेवटी कुणी म्हणेल की ही वस्ती आता उरलेली नाही, मग हा खटाटोप कशाला. उरलेली नाही हे बरेचसे खरे आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर तियात्राचे केंद्र गोव्याकडे सरकले. सत्तरच्या दशकात आखातातल्या नोकऱ्या आल्या आणि माणूस बोटीची वाट न पाहता विमानाने थेट जाऊ लागला. सिंथेसायझरने चाळीस वादकांची जागा घेतली. कुडी आहेत, पण पूर्वीइतक्या भरत नाहीत. मला वाटते हाच माझ्या मांडणीचा सर्वांत कठोर पुरावा आहे. कला गाठोड्यातून आली असती तर गाठोडे असेपर्यंत ती इथे टिकली असती. गोवेकर मुंबईत आजही पुष्कळ आहेत, वांद्र्यापासून वसईपर्यंत. पण थांबणे संपले, रिकामी संध्याकाळ आणि हातातली रोकड एकत्र येईना, रेकॉर्डिंगला माणूस लागेना, आणि त्याबरोबर नवे काही तयार होणेही थांबत गेले. उरले आहे ते हलाखीत आहे. रेकॉर्डिंग संपल्यावर अरेंजरच्या हातचे कागद बहुतेकदा कुणी जपले नाहीत. रोमांशींचे कागद मुळातच दोन पावसाळे काढतील असे नव्हते. गोव्यात २००९ पासून तियात्र अकादमी आहे. मुंबईत या वस्तीच्या कामाची नोंद ठेवणारी तशी जागा हवी, आणि ती मराठी संस्थांनी केली तर शेजारधर्म ठरेल. जुन्या गाण्यांवरच्या मराठी पुस्तकांत चाल कुणाची, शब्द कुणाचे हे असते. वाद्यमेळ कुणाचा हा तिसरा रकाना छापायला काहीच अडचण नाही.

तियात्र मंडळ्या आज कुवेत, दुबई आणि पोर्तुगीज पासपोर्टवर गोवेकर जिथे जाऊन राहिले त्या इंग्लंडातल्या स्विंडनसारख्या गावी प्रयोग करतात. गर्दी होते, पैसा चांगला मिळतो, पण नाटक गोव्यात बसवलेले असते आणि आठवड्याच्या सुटीत दाखवून मंडळी परततात. स्विंडनवर, तिथल्या गोदामातल्या रात्रपाळीवर, तिथल्या एखाद्या सुंदरीवर कुणी तियात्र लिहिला तर जुआंव आगोस्तिन्यो यांनी कावेलसाठी केले ते पुन्हा घडेल. तिथल्या माणसाकडे रोकड आहे, बोलीही आहे. त्याला संध्याकाळ मिळते की नाही यावर ते अवलंबून राहील.